पाचावरचं टिंब

आई टीव्ही कानानं बघते. गेली सहा वर्षं तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. वयामुळे होणारा मॅक्युलाचा आजार. यात माणूस ठार आंधळा होत नाही. कडेकडेचं दिसत राहतं आणि नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. समोर बसलेल्याचा चेहरा दिसत नाही, त्याचे खांदे दिसतात. म्हणून आई टीव्हीसमोर बसते तीही जरा तिरकी, मान डावीकडे वळवून, शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकत असल्यासारखी. पडद्यावर काहीतरी हललं, उजेड कमीजास्त झाला, एवढं तिला कळतं. बाकी सगळं आवाजावर.

रिमोट मात्र तिला डोळ्यांशिवाय चालवता यायचा. आकडे असलेला कुठलाही रिमोट घ्या आणि पाचाच्या बटणावरून अंगठा फिरवून बघा. बारीकसा उंचवटा लागेल, टाचणीच्या डोक्याएवढा. साध्या फोनच्या बटणांवरही तो असतो. मी आयुष्यभर रिमोट वापरला आणि हे टिंब कधी जाणवलं नाही, कारण मला त्याची गरज नव्हती. आईचा अंगठा आधी तिथे जातो. पाच सापडला की वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. सगळे आकडे हातात आले. दोन-सात म्हणजे दुपारची मालिका, चार-एक म्हणजे बातम्या, एक-नऊ-तीन म्हणजे जुनी गाणी. बटण दाबलं की दीड-दोन सेकंदांत आवाज यायचा, आणि निवेदकाच्या पहिल्या दोन शब्दांवरून तिला कळायचं की आपण बरोबर जागी आलोय.

केबल बंद करायचं ठरवलं, तेव्हा हे टिंब माझ्या हिशेबात नव्हतं.

हिशेब मात्र मी नीट केला होता. महिनाभर टीव्हीजवळ एक वही ठेवली होती आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं होतं की जे बघाल ते लिहा. आईचं मी लिहायचे. महिन्याअखेर बघितलं तर चारशेच्या आसपास चॅनेलांपैकी आम्ही अकरा चॅनेल बघितले होते. उरलेले आम्ही बघत नव्हतो, पण त्यांचे पैसे भरत होतो. केबलचा धंदा याच गठ्ठ्यावर उभा आहे. प्रत्येक घरामागे ठरावीक रक्कम चॅनेलवाल्यांना जाते, मग त्या घरात ते चॅनेल कोणी लावो न लावो. खेळांचे हक्क महाग झाले की ज्यांनी कधी सामना बघितला नाही त्यांचंही बिल वाढतं. हे मला अन्यायाचं वाटत होतं आणि अजूनही वाटतं.

बंद करणंही सोपं गेलं नाही. जोडणी सुरू करायला एक फोन पुरला होता, तोडायला पाच लागले. दर वेळी नवा माणूस, नवी सवलत. डबा परत नेल्यानंतरही एक बिल आलंच. शेवटी ते मिटलं, त्यावर अधिक लिहीत नाही.

केबलच्या जागी स्ट्रीमिंग आलं, म्हणजे इंटरनेटवरून हवं ते हवं तेव्हा लावून बघणं, आणि त्याबरोबर नवा रिमोट. पहिले काही आठवडे मी खरोखर आनंदात होते. लहानपणी अर्धवट राहिलेले, नावंसुद्धा विसरलेले सिनेमे सापडले. एका रात्री मी आणि मुलानं गुरूच्या चंद्रांवरचं एक व्याख्यान ऐकलं, मधे थांबवून, मागे जाऊन, वाद घालून. नासानं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःची स्ट्रीमिंग सेवा सुरू केली, तिला पैसेही पडत नाहीत आणि जाहिरातीही नसतात. जगभरची ग्रंथालयं, संग्रहालयं, विद्यापीठं आपापला खजिना उघडून बसली आहेत. पूर्वी या गोष्टी बघायला एखाद्या शहरात जन्माला यावं लागायचं. यूट्यूब २००५ चं, नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग २००७ चं. म्हणजे हा सगळा बदल माझ्या मुलाच्या वयापेक्षा थोडाच मोठा आहे. त्याला विचारलं की हा कार्यक्रम किती वाजता असतो, तर प्रश्नच कळत नाही.

आईसाठीही यात काहीतरी असेल असं मी धरून चालले होते आणि तसं ते होतंही. ऑडिओ वर्णन नावाची सोय असते. संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज सांगत जातो, की तो दाराशी थांबला, तिनं पत्र फाडलं. नेटफ्लिक्सनं हे एप्रिल २०१५ मध्ये सुरू केलं, तेही एका अंध नायकाच्या मालिकेपासून, कारण ती मालिका अंध प्रेक्षकांनाच बघता येणार नाही म्हणून लोकांनी आवाज उठवला होता. आईला मी असा एक सिनेमा लावून दिला. ती दोन तास हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "कोणीतरी शेजारी बसून सांगत होतं गं." बाबा असताना ते सांगायचे. हे वाक्य तिनं बोलून दाखवलं नाही, पण आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं.

तर स्ट्रीमिंगनं तिला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. पण तो सिनेमा मी लावून दिला होता.

दुपारी मी कामात असते, दार लोटलेलं असतं. साधारण तीन आठवडे गेल्यावर एका दुपारी मला घर फार शांत वाटलं. आधी वाटलं आई झोपली असेल. बाहेर आले तर ती खुर्चीत नेहमीसारखी तिरकी बसली होती, समोर टीव्ही बंद, रिमोट टेबलावर.

"टीव्ही नाही लावलास?"

"हल्ली नाही बघावंसं वाटत."

त्या घटकेला मी ते खरं धरलं. म्हातारपणी माणसाचं मन एकेका गोष्टीवरून उडतं, असं आपण पटकन समजून घेतो, कारण ते समजून घेणं आपल्याला सोयीचं असतं. दोन दिवसांनी मुलानं सांगितलं, "आजीला लावता येत नाही. ती मला हाक मारायची, मग मी क्लासला गेलो की बंद. मग हाक मारणंच बंद केलं तिनं."

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी टीव्हीसमोर बसले, डोळे मिटले आणि नवा रिमोट हातात घेतला. गुळगुळीत, बोटभर लांब, वर एक गोल कडं, मधे एक बटण, खाली चार-सहा बटणं. आकडा एकही नाही. कडं उजवीकडे दाबलं की पडद्यावर काहीतरी उजवीकडे सरकणार, पण कुठून कुठे? ते बघायला डोळेच हवेत. मी आठवून बसवायचा प्रयत्न केला, की दोनदा खाली, तीनदा उजवीकडे, मग मधलं बटण. कार्यक्रम लागला. दुसऱ्या दिवशी तेच केलं तर भलतंच काहीतरी सुरू झालं, कारण रात्रीत वरची रांग बदलली होती. ही रांग बदलतच असते. नवं आलेलं पुढे, तुम्ही बघितलंत त्यासारखं काहीतरी त्याच्यामागे, अर्धवट सोडलेलं आणखी कुठेतरी. दिसणाऱ्या माणसाला ही आकर्षक मांडणी वाटते. आईच्या जागी बसून मला ती अशी वाटली, की घरातलं सामान रोज रात्री कोणीतरी हलवून ठेवतंय.

पडदा वाचून दाखवणारी सोयही आम्ही सुरू करून बघितली. ती प्रामाणिकपणे सगळं वाचते. रांगेचं नाव, कितवा चौकोन, कार्यक्रमाचं नाव, वर्ष, वयोगट, वर्णन. आई पाच मिनिटं ऐकत राहिली आणि म्हणाली, "सांगतोय छान, पण लावणार कधी?" ज्यांचे डोळे तरुणपणी गेले, ज्यांनी असं ऐकत ऐकत पुढे सरकण्याचा सराव केला आहे, ते हे सफाईनं वापरतात. सत्तरीनंतर नजर गेलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. त्याचा सराव दुसऱ्या यंत्रावर झालेला असतो.

मग मुलगा म्हणाला, "आजी, तू नुसतं बोल. हे बटण दाबून धर आणि बोल, ते लागेल."

"काय बोलू?"

"तुला जे बघायचंय ते."

"मला काय बघायचंय ते लागल्यावर कळतं रे."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हे वाक्य मी तेव्हापासून घोळवते आहे. स्ट्रीमिंगची सगळी रचना अशी आहे, की आधी तुमच्या मनात इच्छा असावी, तिला नाव असावं आणि ते नाव तुम्हाला उच्चारता यावं. आई जन्मभर वेगळ्या रीतीनं टीव्ही बघत आली. लावायचा, जे चालू असेल त्यात शिरायचं, आवडलं तर थांबायचं, नाही तर पुढचा आकडा. कोणीतरी आधीच निवडून, वेळेला बांधून, चालू करून ठेवलेलं असायचं. ही निवड करणारा माणूस आपण केबलबरोबर घरातून काढून टाकला. माझं त्याच्याशी पटत नव्हतं. तिचं पटत होतं.

रिमोटबद्दल मी तेव्हा बरंच वाचलं. १९५६ साली झेनिथ कंपनीनं रॉबर्ट ॲडलर यांनी घडवलेला एक रिमोट बाजारात आणला, त्याला सेल लागत नसे. बटण दाबलं की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, कानाला ऐकू न येणारा उंच स्वर निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. प्रत्येक कांडीची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येक बटणाचा स्वर वेगळा. बोटाखाली खट्‌ असं वाजलं की काम झालं. मला हा माणूस फार आवडला. त्याच्या यंत्राला माणसाकडून बोटभर जोर हवा होता, दुसरं काही नाही.

अँटेनाची गोष्ट मुलानंच काढली. टीव्हीच्या पाठीमागे धूळ पुसताना त्यानं विचारलं, "हे भोक कसलं?" ते कोॲक्सिअल वायरचं, म्हणजे अँटेनाची जाड गोल वायर लावायचं तोंड होतं. केबलचा डबा वेगळ्याच तोंडातून जोडलेला असायचा, त्यामुळे ते रिकामं पडलेलं. बहुतेक टीव्हींच्या पोटात हवेतून येणारे चॅनेल पकडणारा ट्यूनर असतोच. तो विकत घ्यावा लागत नाही, टीव्हीबरोबर आलेला असतो आणि कित्येक घरांत एकदाही वापरला जात नाही.

आम्ही काड्यांचा अँटेना आणला. माशाच्या सांगाड्यासारखा दिसतो तोच. त्याचं नाव यागी-उदा. जपानमधल्या सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी तो घडवला आणि १९२६ मध्ये त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. जपानात तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. अँटेनाच्या इतिहासात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर जपानी सैनिकांना ब्रिटिशांच्या रडारचे कागद मिळाले, त्यांत जागोजागी 'यागी' असा शब्द होता. त्याचा अर्थ त्यांना लागेना. शेवटी एका ब्रिटिश कैद्यानं सांगितलं, की हे तुमच्याच एका प्राध्यापकाचं नाव आहे.

त्या काड्यांची लांबी उगीच ठरलेली नसते. ६०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर, आणि काडी तिच्या जवळपास निम्मी, म्हणजे वीतभर. हे मुलाला सांगितल्यावर त्यानं खरंच वीत लावून बघितली. हवेतून जाणारी, न दिसणारी गोष्ट आपल्या पंजाच्या मापाची आहे, याचं त्याच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटलं ते मला आईला वर्णन करून सांगावं लागलं.

बसवताना जे शिकलो ते सांगते, कारण हे कोणी धड सांगत नाही. पहिल्यांदा आम्ही अँटेना घरातच, टीव्हीमागे ठेवला. तीन चॅनेल आले, तेही तुटत तुटत. खिडकीशी नेला तर सात. गच्चीवर, कठड्याच्या वर दोन हात उंच बांधला तेव्हा तेवीस. सिग्नल वाढवणारं यंत्र घेण्याआधी उंची वाढवावी. सिमेंटची भिंत, पत्रा, काचेवरची चमकदार फिल्म, ओली झाडं हे सगळं लहरी अडवतं किंवा शोषतं. तोंड प्रक्षेपणाच्या मनोऱ्याकडे हवं, आणि मनोऱ्याच्या लहरी आडव्या आहेत की उभ्या यावर काड्या आडव्या की उभ्या हे ठरतं. आमच्या काड्या उभ्या करायच्या होत्या, हे समजायला एक संध्याकाळ गेली. अँटेना हलवला की प्रत्येक वेळी चॅनेल पुन्हा स्कॅन करावे लागतात, तेवढा धीर हवा.

गच्चीवरून मी "आलं का?" ओरडत होते आणि खालून आई उत्तर देत होती. तिला चित्र दिसत नाही म्हणून मीच नको म्हणत होते, पण ती म्हणाली, "आवाज आला की आलं." तिचा कान आमच्या सिग्नलच्या पट्टीपेक्षा तेज निघाला. आवाजात क्षणभराची खाच पडली तरी ती "गेलं" म्हणायची, आणि पट्टीवर तेव्हा सगळं ठीक असायचं.

इथे एक गोष्ट कळली, जी मला आधी माहीत नव्हती. जुन्या ॲनालॉग टीव्हीत चित्र खराब झालं, मुंग्या आल्या, सावल्या पडल्या, तरी आवाज बराच वेळ टिकून राहायचा, कारण बहुतेक पद्धतींत तो एफएमनं वेगळा पाठवलेला असायचा. डिजिटलमध्ये चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात बांधलेले असतात. सिग्नल ठरावीक मर्यादेच्या वर असेल तोवर दोन्ही स्वच्छ, त्याखाली गेला की दोन्ही नाहीसे. कड्यावरून पाय सुटावा तसं. कानानं बघणाऱ्यांचं यात नुकसान झालं. अमेरिकेत टीव्हीचा नुसता आवाज पकडणारे छोटे रेडिओ मिळत असत, अंध माणसं ते वापरत. १२ जून २००९ ला तिथल्या पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं आणि ते रेडिओ मुके झाले. लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्सनं हा बदल २००६ मध्ये केला, ब्रिटननं २०१२ मध्ये पुरा केला. मोकळ्या झालेल्या लहरी मोबाइलच्या कामी आल्या, एका चॅनेलच्या जागेत पाच-सहा बसू लागले, चित्र सुधारलं. फायदे खरे आहेत. ते लिहिताना रेडिओवाल्यांचा उल्लेख सहसा कोणी करत नाही, म्हणून मी इथे केला.

हवेतून येणारं हे सगळं 'फुकट' म्हणतात, तेही जपून म्हणायला हवं. कुठे ते जाहिरातींवर चालतं, कुठे कराच्या पैशांवर, कुठे घरटी परवाना शुल्क असतं. पण एक गोष्ट त्यात आहे, जी मला पैशांपेक्षा मोलाची वाटते. मनोरा सगळ्यांकडे सारखं पाठवतो आणि कोण घेतंय हे त्याला ठाऊक नसतं. इंटरनेटला जोडलेल्या टीव्हीचं तसं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कंपनीला प्रेक्षकांच्या परवानगीशिवाय ते काय बघतात याची सेकंदासेकंदाची नोंद जमवल्याबद्दल २२ लाख डॉलर भरावे लागले. अशी नोंद ठेवायची सोय आता बऱ्याच टीव्हींत असते, सेटिंगमध्ये खोलवर जाऊन ती बंद करता येते. मी आमच्या टीव्हीतली बंद केली. मान तिरकी करून बसणाऱ्या माझ्या आईनं दुपारी काय ऐकलं, हे तिच्याशिवाय कोणाला कळायचं कारण नाही.

अँटेनाचं फार कौतुक केलं तर ते खोटं ठरेल. डोंगराआड राहणाऱ्याला तो उपयोगी नाही, मनोऱ्यापासून फार लांब असणाऱ्यालाही नाही. केबलचा जन्मच त्या अडचणीतून झाला. १९४८ च्या सुमाराला पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगॉनमधल्या डोंगराळ गावांत टीव्ही दिसत नव्हता, तेव्हा लोकांनी उंच जागी एकच अँटेना उभारला आणि तिथून वायर ओढून घराघरात नेली. नावही तसंच होतं, कम्युनिटी अँटेना. गावाचा मिळून एक अँटेना! नंतर १९७२ मध्ये एचबीओ आलं, केबलवर वेगळे पैसे देऊन बघायचे चॅनेल सुरू झाले, उपग्रह आले आणि गठ्ठा फुगत गेला. पण सुरुवात सावलीत राहणाऱ्यांना उजेड पोचवण्यासाठी झाली होती. हे वाचल्यावर माझा केबलवरचा राग बराच निवळला.

आमच्या घरातही सगळं परत आलं नाही. आईची दोन-सातवरची मालिका हवेतून येत नाही. ती ॲपवर आहे, रोज नवा भाग टाकतात. आता ती मी किंवा मुलगा संध्याकाळी लावून देतो. आधी ती दुपारी बघायची, एकटी, कोणाच्या मदतीशिवाय. हा फरक लहान नाही आणि तो मी भरून काढू शकलेले नाही. सामन्यांचंही तसंच. स्ट्रीमिंगमध्ये चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवतात आणि त्यातले काही साठवल्याशिवाय दाखवत नाहीत, त्यामुळे आपण अर्ध्या मिनिटानं मागे राहतो. आईला शेजारच्यांच्या ओरडण्यावरून गोल आधी कळायचा आणि ती आम्हाला सांगायची. अँटेनावर जो सामना लागतो तो तिथेच बघतो.

दरम्यान स्ट्रीमिंगवालेही फिरून मागे येत आहेत. प्लूटो टीव्ही, टुबी यांसारख्या सेवा जाहिरातींवर फुकट चालतात, आणि प्लूटोवर तर चक्क चॅनेल असतात. लावलं की काहीतरी चालूच असतं, मधूनच शिरायचं. नेटफ्लिक्सनंही नोव्हेंबर २०२२ पासून जाहिरातींची स्वस्त योजना आणली. म्हणजे आई जे म्हणत होती ते इतरांनाही वाटतं आहे. काही टीव्हींमध्ये हे इंटरनेटचे चॅनेल अँटेनाच्या चॅनेलांबरोबर एकाच यादीत, आकडे घेऊन उभे राहतात. आमच्या टीव्हीत तसं निघालं. त्यातले पाच आईच्या कामाचे होते.

टीव्हीबरोबर आलेला, खोक्यातच राहिलेला मूळ रिमोट मी शोधून काढला. आकडे होते. पाचावर टिंब होतं. आईच्या हातात दिला तर तिनं तो उलटा धरला होता, मग अंगठा फिरवला, थांबली, सरळ केला. काही बोलली नाही.

सगळे आकडे नवे होते. मी तिच्यासाठी यादी करू लागले, मग लक्षात आलं की यादी वाचणार कोण. तिनं ते पाढ्यांसारखं पाठ करायला घेतलं. मी एक चॅनेल सांगायचे, ती आकडा दाबायची, आवाज ऐकायची, मान हलवायची. रोज तीन. सकाळी अंघोळीनंतर आधीच्या दिवशीचे म्हणून दाखवायची. दहाव्या दिवशी सगळे झाले, अँटेनाचे आणि इंटरनेटचे मिळून. त्या दुपारी मी दार लोटून कामाला बसले आणि बाहेरून बातम्यांची धून ऐकू आली. मी तशीच बसून राहिले, थोडा वेळ काही लिहिलं नाही.

गेल्या आठवड्यात रात्री जेवताना ती म्हणाली, "आज आठच्या ऐवजी सात लागला."

"मग?"

"मग काय, ऐकत बसले. समुद्रातल्या दीपस्तंभांवर होतं. त्या दिव्याचं भिंग केवढं असतं, ठाऊक आहे? टनावारी वजन. ते फिरवायचं कसं? तर पाऱ्यावर तरंगत ठेवायचे म्हणे. परातीत पारा आणि त्याच्यावर भिंग."

"आणि मोटर?" मुलानं विचारलं.

"मोटर कसली तेव्हा. घड्याळासारखी वजनं सोडलेली. एवढं जड भिंग, पण एका बोटानं ढकललं की फिरतं." तिनं आपली वाटी पुढ्यात घेतली, तिच्या कडेला एक बोट लावलं आणि हळूच फिरवून दाखवली. "असं. पूर्ण गोल. आणि लांबवर कोणाला दिसतंय, कोणाला नाही, ते आतल्या माणसाला कधीच कळत नाही."

उद्याही सातच लावणार आहे, म्हणाली. दुसरा भाग आहे.